सोसायटी कोण पळवते?

तू फक्त ऐक. मधात बोलू नको, नाईतं माह्यी लय तुटते.

सावली गावाकडे तलावाच्या काठाले मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांची वस्ती आहे, तिथला डोमा. साऱ्या वस्तीत इंग्रजी शिकलेला तो एकटाच. ऐट अशी, का जाळं टाकताना बी मासोळ्यायले 'कम, कम' म्हणे. मासोळ्या काही येत नव्हत्या, ते वेगळं.

त्या साली ढिवरायनं आपली सोसायटी काढली होती. तलाव तवापर्यंत ठेकेदाराच्या हातात. जाळं आपलं, अंग आपलं, अन् मासोळी त्याच्या टोपल्यात. आता तलाव सोसायटीले द्याचा का पुन्हा ठेकेदाराले, हे पाहाले चांद्याहून सरकारी साहेब आला. तो निघाला मद्रासी. मराठी शून्य, हिंदी लंगडी. सोसायटीचा अध्यक्ष सोमाजीभाऊ म्हणे, घाबरता काऊन, आपला डोमा आहे ना. डोमानं धुतलेला सदरा घातला, तेल लावून भांग पाडला अन् साहेबाच्या खुर्चीजवळ असा उभा राह्यला, जसा तलाव त्यानंच खोदला.

साहेबानं पह्यलाच प्रश्न टाकला, "हू रन्स दिस सोसायटी?"

रन म्हणजे पळणे, हे डोमानं छड्या खाऊन पाठ केलं होतं. पण सोसायटी पळन कशी? मंग त्याच्या डोक्यात उजेड पडला. पळणे नाई, पळवणे! ठेकेदारानं चुगली केली असन. तो वस्तीकडे वळला.

"साहेब इचारून राह्यले, सोसायटी कोण पळवते?"

वस्तीतल्या इंदिराबाईनं पदर तोंडाशी नेला. सोमाजीभाऊचा तं चेहराच उतरला, काऊन का सोसायटीच्या पैशाच्या पेटीची चाबी त्याच्या करगोट्याले. तो हात जोडून म्हणे, कोणीच नाई पळवत साहेब, देवाशपथ.

"नोबडी रन्स, सर," डोमा छाती काढून बोलला.

साहेबानं चष्मा काढला. लेकराले समजवावं तसं हळूहळू सांगू लागला, का कोणीतरी रन केलंच पाह्यजे, नाईतं सरकार तलाव देत नाई. डोमा मनात म्हणे, पळवाचंच, अशी सरकारची अट? साहेबानं बिचाऱ्यानं सोताचा दाखला देल्ला, "आय रन द ऑफिस इन चांदा."

डोमा पाहतच राह्यला. एवढा मोठा माणूस, चारचौघात, हसत हसत कबूल करून राह्यला.

शेवटी साहेब कंटाळून उठला. ड्रायव्हरनं जीपले हँडल मारलं, गाडी फुरफुरली, अन् तो म्हणे, "रनिंग, सर." डोमानं चाकाकडे पाह्यलं. गाडी तं जाग्यावर उभी. पळत नव्हती, चालू होती. चालू! सोसायटी कोण चालवते, एवढंच तं साहेब सकाळपासून इचारत होता. अरे डोम्या, त्याच्या मनात आलं, मासोळ्या कायले आल्या नाई ते समजलं आता.

साहेबाचा एक पाय जीपमधी. वस्तीसमोर सांगावं तं सारी इंग्रजी उघडी पडते, नाई सांगावं तं तलाव जाते.

"सर, ऑल रन!" तो ओरडला. साहेबानं पाय खाली घेतला. म्हणे, ऑल?

डोमा वस्तीकडे वळला अन् नजर न उचलता म्हणाला, "हात वर करा. आमी सारेच पळवतो म्हणून हात वर करा. काऊन ते इचारू नका."

कोणी हाललं नाई. ज्यानं जन्मात दुसऱ्याच्या जाळ्यातली झिंगी उचलली नाई, त्या सोमाजीभाऊनं डोमाकडे पाह्यलं. पाह्यलं अन् हात वर केला. मंग इंदिराबाईनं. मंग साऱ्या वस्तीनं, चोर म्हणून.

साहेब एवढा खूष झाला, का त्यानं सोमाजीभाऊचा हात हातात घेऊन हालवला. म्हणे, सारे मिळून करता, यालेच तं सहकार म्हणते. तलाव सोसायटीले भेटला.

आता सोमाजीभाऊ सांगत फिरते, का सरकार मोठं अजब आहे, कबूल करणाऱ्या चोरालेच तलाव देते. सिंदेवाहीकडचे ढिवर सल्ला घ्याले आले, तं त्यायलेबी त्यानं हेच शिकवलं. म्हणे, लाजू नका, सरळ पळवतो म्हणा. बाजूले बसलेल्या डोमानं हो म्हणून मान हालवली. मास्तर म्हणते सारे त्याले आता, पंगतीत पह्यला पाट त्याले. पण सोमाजीभाऊनं चहाचा कप उचलाले जरी हात वर केला, तरी डोमा नजर खाली घालते.

तू असता तं काय केलं असतं, सांग बरं?