घड्याळजींची रडणारी भिंत

घड्याळजींची भिंत रडू लागली आणि आमच्या गल्लीचं नशीब उघडलं. प्रत्येकाच्या हातात बाटली, आणि रांग थेट कोपऱ्यावरच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यापर्यंत. तिथे स्थानक होणार होतं. मी समोरच राहतो. निवृत्त माणूस, त्यामुळे चमत्कार बघायला सवड भरपूर.

"धरणीचं पोट कापलं, म्हणून माय रडतेय!" भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलेले पाझरबाबा डोळे मिटून सांगत. "अश्रू प्या. बाटलीच्या तळाची राख जिभेवर ठेवा. दुखणी पळतील!"

बाबांचं स्वतःचं घर कोरडं ठणठणीत होतं. त्यांच्यावर मायेची कृपा कमी पडली, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

घड्याळजींची बायको वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. पायांतली शक्ती गेलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले.

"वहिनींना दुसरीकडे हलवा हो," मी म्हणालो. "भिंत फुगलीय."

"भाऊ, काल तिच्या पायाचा अंगठा हलला," घड्याळजी म्हणाले. "आता कुठे हलवू तिला?"



मग स्थानकाच्या कामावरची इंजिनिअर बाई आली. खोदकामाआधी तिने आसपासच्या घरांच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. महिन्याकाठी येऊन बघायची. पट्टी शाबूत, तर घर जागच्या जागी. घड्याळजींची पट्टी शाबूत होती. पण भिंत बघून ती थबकली. तिने एकाच्या हातातली बाटली उजेडात धरली.

"ही राख कसली?"

"मायेची," बाबा म्हणाले.

तळाची चिमूट तिने बोटांत चोळली. "ही वाळू आहे, या घराखालची. स्थानकासाठी आम्ही खोलवर घातलेल्या भिंतीने जमिनीतल्या पाण्याची वाट अडवली. ते इथून वर येतंय, आणि येताना पायाखालची जमीन घेऊन येतंय. हे घर तुम्ही चिमूट चिमूट करून नेताय!"

रांगेत मागून एकाने विचारलं, "मग माझा नंबर?"

"पण पट्टी कशी फुटली नाही?" बाई पुटपुटली.

"फुटते की!" घड्याळजी कौतुकाने म्हणाले. "बाबा म्हणाले, कृपेच्या घरात फुटकी काच नको. फुटली की मी नवी बसवतो. बघा, कळतंय का कुठे?"

कळत नव्हतं. आयुष्यभर घड्याळांना काचा बसवलेला हात तो.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "वर कोण आहे?"

"आमची ही."

"सगळे बाहेर! स्ट्रेचर आणा!"

रांग पांगली. बाबा तर खुर्चीसकट पांगले. घड्याळजी जिन्याकडे धावले. कामगार स्ट्रेचर घेऊन उंबऱ्यापाशी पोचले, तोच भिंत वरच्या खोलीसकट खाली बसली. फार आवाजही झाला नाही.

घड्याळजींना जिन्याखालून जिवंत काढलं. वहिनींना नाही.

दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, अंगठा हलला होता हो. मी पाहिला."

हलला असेल. अख्खं घरच हलत होतं. पण हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

तुम्हाला मात्र सांगतो. भिंत रडली, तर बाटली शोधू नका; पाणी कुठून येतंय ते शोधा. ज्यांनी त्याची वाट अडवली, त्यांना जाब विचारा. आणि काच फुटली, तर बदलण्याआधी एकदा विचारा, का फुटली?