पन्नास फुटांची फक्की

जलील मुलाणी पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झाले आणि वरव्याजवळच्या वस्तीवर घर बांधून राहिले. त्यांचे जुने सहकारी मानसिंग पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. मानसिंगांना आता समोरचे काय, फोनवरचे काय, बोलणे कळत नाही. शब्द एकमेकांत मिसळतात. मोर्सच्या सांकेतिक लिपीचे लांब-आखूड सूर मात्र कानाला लावलेल्या हेडफोनमधून नीट समजतात. रोज संध्याकाळी सहाला दोघे आपापल्या घरच्या बिनतारी यंत्रावरून त्या सुरांत बोलत. जलीलभाईंची अँटेना उंच सिल्व्हर ओकवर बांधलेली होती. मे महिन्याच्या वादळात झाड पडले. संदेशाला मधला डोंगर ओलांडायला आता पन्नास फुटांचा मनोरा हवा होता.

ग्रामसेवकाने नियम वाचून दाखवला. मनोऱ्याची उंची शेजाऱ्याच्या बांधापर्यंतच्या अंतराहून जास्त नको. हवी असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती. बांध तीस फुटांवर होता. पलीकडे सगुणाबाईंचे वांग्याचे वाफे आणि गोठा.

"आणा कागद, जलीलभाऊ," सगुणाबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्याशी बोलायचं तर बोला की. माजं काय जातंय?"

कागद खिशातच होता. तरी जलीलभाई म्हणाले, "आधी बघून घ्या, वहिनी. पडला तर कुठवर येईल ते दाखवतो."

त्यांनी टेप धरली आणि मनोऱ्याच्या जागेपासून पन्नास फूट पांढऱ्या फक्कीची सरळ रेघ ओढली. रेघ बांध ओलांडून वांग्यांतून गेली आणि गोठ्याच्या दारात थांबली. सगुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"ही फक्की पुसा."

"वहिनी, नुसती खूण आहे."

"हायवेच्या टायमालाबी खूणच व्हती. सायब म्हणलं, मावशी, नुसती खूण हाय. सात गुंठं गेलं."

"मी काय जमीन घेतोय का?"

"तुमी न्हाई घेणार. पर गोठ्याच्या दारात रेघ आली अन् त्यावर म्या सही करू? न्हाई व्हायचं."

घरी पत्नी गुलजारबींनी कपाळाला हात लावला. "सही आणायला गेलेला ना तुमी? टेप कशाला नेली? मोजणी खात्यानं नेमलंय व्हय तुमाला?"

जलीलभाई पुन्हा दोनदा गेले. सगुणाबाईंनी दोन्ही वेळा चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. शेवटी नियमाप्रमाणे तीस फुटांचा मनोरा उभा राहिला. सहाला यंत्र सुरू केले की नुसती खरखर यायची. पंधरा दिवस त्यांनी रोज हाक दिली.

सोळाव्या दिवशी नसरापूरहून दोन गाड्या बदलून ते पालीला गेले. गुडघ्यांमुळे हे रोज जमणारे नव्हते. मानसिंग खाटेवर बसले होते, कानाला हेडफोन, यंत्र चालू. सून म्हणाली, "सहा वाजले की असेच बसतात. काढू देत नाहीत."

जलीलभाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने लांब-आखूड दाबत सगळे सांगितले: उंची, बांध, फक्की. बराच वेळ लागला.

मानसिंगांनी उलट दाबले, सावकाश, एकेक अक्षर. सही करत होती ना ती?

हो, जलीलभाईंनी कळवले.

मग दाखवलेस कशाला?

परतीची शेवटची गाडी सहा चाळीसला होती. तोवर जलीलभाई तसाच हात धरून बसले.