लॉरेन्सचा कॉर्गी

मारोतराव रेल्वेत फिटर होते. त्यांच्या ओळखीचा गार्ड लॉरेन्स एकाहत्तर साली कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा आपला कॉर्गी कुत्रा त्यांच्या हुडकेश्वरच्या घरी सोडून गेला. आखूड पायांचा, उभ्या कानांचा रस्टी. जातच गुरं राखणारी. मारोतरावांच्या बायकोच्या, सत्यवतीबाईंच्या शेळ्या त्यानं आल्याआल्या ताब्यात घेतल्या. रेंगाळणारीच्या टाचेला हलकेच दात लावायचा, की ती मुकाट्यानं कळपात. उन्हाळ्यात बाई त्याच्या अंगावर ओलं फडकं टाकायच्या, दाट केसांतले गोचीड काढायच्या. मूलबाळ नव्हतं, दिवसभराचं बोलणं त्याच्याशीच.

चैत्रात एक कोल्हा भरदुपारी, माणसांना न भिता, कळपात शिरला. रस्टीनं त्याला हाकललं. नाकावर ओरखडा आला, त्यात बाईंनी हळद भरली.

महिनाभरानं रस्टी बाजेखालच्या अंधारातून बाहेर येईना. आवाज घोगरा झाला. एका संध्याकाळी त्यानं तांबड्या शेळीच्या पायाचा लचकाच तोडला.

"ऊन लागलं त्याले," मारोतराव म्हणाले.

"घशात हाड अडकलं असन." बाईंनी त्याचा जबडा उघडून बोटं आत घातली. काही लागलं नाही. नुसती लाळ मनगटापर्यंत ओघळली. मग त्यांनी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. रस्टी वाकला, आणि कोणी गळा आवळावा तसा थरथरत मागे सरला.

बाईंनी हात पाहिला. मिरच्या कांडून बोटांना भेगा पडल्या होत्या.

"काल तुमचे पाय चाटून राहिला होता न हा?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंग?"

"टाचा पाहा आपल्या."

मारोतराव भेगाळलेल्या टाचांकडे बघत राहिले.

रस्टीला शेळ्यांच्या रिकाम्या कोठ्यात कोंडलं. तो आतून दार ओरबाडत होता. बाई दोन्ही हातांना साबण चोळत बाहेर बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला.

दवाखान्यात दोघांनाही पोटात इंजेक्शनं सुरू झाली. मारोतराव पहिल्याच दिवशी उठून निघाले होते. "मले कुठं चावला तो?"

"मी एकटी जगून काय करू?" बाई म्हणाल्या. ते परत बसले.

तांबडी शेळी आषाढात खुंट्याला धडका देऊन मेली. ही दोघं वाचली. पण त्या साली पहाटे मारोतरावांना जाग आली, की बाई उठून बसलेल्या असायच्या, त्यांच्या तोंडाकडे टक लावून.