कडीवरचं कुंकू

या, जवळ सरका, असे पुढं येऊन बसा. अशी गोष्ट सांगतो, की ऐकता ऐकता हात आपोआप जोडले जातील.

हिमायतनगरच्या पलीकडं जमिनीतून ऊन पाणी वर येतं. त्या उष्णतेवर वीज करायची म्हणून तिथं खोल बोअर चालू होतं. मशीनवरचे जुने फोरमन शेषेराव, लोह्याकडचे. रोज मातीला हात लावून म्हणायचे, "माय, केवढा अग्नी पोटात घेऊन बसलीस गं!"

त्या अग्नीनंच घात केला होता. बोअरच्या तळाशी पातं फिरवणाऱ्या मोटारीत ऊन पाणी शिरू नये म्हणून सील असतं. रबराचं सील दोनदा कोळसा होऊन वर आलं. मग लातूरच्या कारखान्यातल्या सुकन्यानं धातूचं सील घडवलं. आरशासारख्या घासलेल्या दोन कड्या, एकमेकींना तोंड लावून फिरणाऱ्या. हेही जळालं तर बोअर बुजवायचं ठरलं होतं.

सील बसवायला सुकन्या स्वतः आली, त्या दिवशी शेषेरावांनी नारळ फोडला आणि कडीच्या चकचकीत तोंडाला बोटानं कुंकू लावलं.

"काका! हे काय केलंत?" सुकन्या धावतच आली.

"कोरी वस्तू हाय बाई. तशीच धाडू व्हय पाताळात?"

"कणभर कुंकू राहिलं तरी फट राहील, पाणी आत शिरेल. पुसावं लागतंय."

शेषेरावांनी कडी आपल्याकडं ओढली. लावलेलं कुंकू पुसायचं? सुकन्यानं फडकं उचललं, तसं त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू न्हाई. सवाष्ण हायस. दोष लागला तर मला लागू दे."

"तुमचा देव इतका रागीट हाय का, काका?"

"देव न्हाई गं. तुझी काकू लई रागीट हाय!"

हसले. देवाचं नाव घेत घेत त्यांनी कुंकू पुसलं. सुकन्यानं कडी स्पिरिटनं धुतली, भिंगातून न्याहाळली, आणि मोटार खाली गेली.

खालचं काम करून मोटार वर आली तेव्हा पोलादाजवळ उभं राहवेना, अशी धग. निवल्यावर सुकन्यानं खोललं. आत पाण्याचा थेंब नाही; ग्रीस भरलं तसंच, लोण्यासारखं.

"खाली दगड शिजून राहिलेत," शेषेराव पुटपुटले, "नि एवढ्याशा कडीनं त्या आगीला दारातच थांबवलं!" आणि त्यांनी तिथंच भुईला डोकं टेकलं.

बोअर पुढं चालू राहिलं. मायबाप हो, तिथली वीज उद्या कुणाच्या घरी उजेड करील, ठाऊक नाही. पण दुसऱ्याच्या लेकीचा दोष आपल्या अंगावर घेणाऱ्या शेषेरावांची तेवढी आठवण ठेवा.