पाहुण्यांचा सोफा

मी सोफा बोलतोय. हो, भर जंगलात, वाटेच्या कडेला. दचकू नका. बसायचं असेल तर आधी जरा झटकून घ्या, कारण डाव्या बाजूला मुंग्या राहतात आणि त्या माझ्यापेक्षा तापट आहेत.

मी काही जन्मापासून असा उघड्यावरचा नाही. एका सुताराच्या कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला, तोही जुन्या, जाड, पक्क्या लाकडाचा. सुतार गिऱ्हाइकासमोर माझ्या हातावर ठोकून म्हणायचा, "ऐका आवाज! असलं लाकूड आता मिळत नाही." हे तो इतक्या तोऱ्यात सांगायचा की मीही फुगून बसायचो. का मिळत नाही, हे विचारायचं ना कुठल्या गिऱ्हाइकाला सुचलं, ना मला.

मला काकूंनी घेतलं. घरी आणल्याबरोबर काका हौसेने माझं प्लॅस्टिक फाडायला धावले.

"हात लावू नका!" काकू कडाडल्या. "पाहुण्यांसाठी आहे तो."

झालं! त्या एका वाक्यात माझ्या आयुष्याचा निकाल लागला. प्लॅस्टिक तसंच राहिलं. ते फाटू नये म्हणून त्यावर चादर आली आणि चादर मळू नये म्हणून वर टॉवेल आले. काका समोरच्या लाकडी खुर्चीत बसायचे. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आणि काकांची कंबर कायमची धरलेली. पथ्यावरचा माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तसे ते पेपरच्या वरून माझ्याकडे बघायचे. मला फार वाईट वाटायचं, पण सोफ्याने बोलावून कुणी बसत नाही.

पाहुण्यांचं म्हणाल तर ते सरळ स्वयंपाकघरात जाऊन गप्पा मारायचे. प्लॅस्टिकवर बसलं की घाम येतो आणि उठताना असा काही आवाज निघतो की चारचौघांत मान खाली घालायची पाळी यावी. थोडक्यात काय, माझ्यावर कुणीच बसत नव्हतं.

काका पोस्टातून निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते गावामागच्या जुन्या जंगलात फिरायला जायचे. तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या झाडाला ते 'आजोबा' म्हणायचे आणि घरी येऊन त्याची खुशाली सांगायचे. "आजोबांना पालवी फुटलीय", "आजोबांच्या ढोलीत घुबड आलंय."

"माझ्या वडिलांची कधी इतकी चौकशी केली नाहीत," काकू म्हणायच्या.

एके दिवशी मात्र काका आले ते तडक खुर्चीत बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "आजोबांवर लाल फुली मारलीय. आख्ख्या जंगलावर मारलीय. ठेकेदाराला तोडायची परवानगी मिळाली."

मग आमच्या घरात समिती जन्माला आली. काकांचे फिरायला येणारे चार-पाच दोस्त, एवढीच ती समिती. माझ्यावर बसायची बंदी आणि घरात खुर्च्या दोन, त्यामुळे तिच्या सगळ्या बैठका उभ्याने व्हायच्या. पाय दुखले की ठराव पास व्हायचा. इतकी झटपट काम करणारी समिती तुम्ही कुठे पाहिली नसेल.

काकांची पुतणी वकील. तिने कोर्टात अर्ज केला आणि तारीख मिळवली. पण ठेकेदार काय कच्च्या गुरूचा चेला? त्याने नेमके त्याच दिवशी सकाळी ट्रक पाठवायचं ठरवलं. दुपारी कोर्ट 'थांबा' म्हणेपर्यंत इथे नुसते बुंधे उरले असते.

"मी रस्त्यात आडवा पडणार!" काकांनी जाहीर केलं. समितीने टाळ्या वाजवल्या.

काकू हातात झारा घेऊनच बाहेर आल्या. "आडवे पडणार? बूट घालायला खाली वाकता तर मला हाका मारता. मग उठवणार कोण, ठेकेदार?"

"अगं, प्रश्न जंगलाचा आहे."

"आणि कमरेचा कुणाचा आहे?"

समिती भिंतीकडे बघू लागली. काकू काकांकडे बघत राहिल्या. या माणसाने घरात कधी कशाचा हट्ट धरला नव्हता, आणि आज त्याचे डोळे भरून आले होते. मग काकूंची नजर माझ्याकडे वळली.

"हा घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण तो पाहुण्यांचा..."

"मग? ट्रकवाले येणारच आहेत ना? ते पाहुणेच की."

तारखेच्या दिवशी सकाळी समितीने चादर-टॉवेल काढून मला टेम्पोत चढवलं. दारात मी दोनदा अडकलो. जंगलात, आजोबांच्या जवळच, ज्या वळणावर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला घळ आहे, तिथे मला रस्त्यावर आडवा ठेवला. सोफा एकटा कसा पाठवायचा, म्हणून काकूही चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या.

काका माझ्याशेजारी नुसतेच उभे. सवयच तशी.

"बसा ना आता."

"बसू?"

"नाहीतर काय, आमंत्रण छापू?"

काका बसले. प्लॅस्टिक कुरकुरलं. काकांनी पाठ टेकली, डोळे मिटले आणि इतका लांब सुस्कारा सोडला की माझ्या स्प्रिंगा भरून आल्या.

थोड्याच वेळात ट्रक आले. पुढच्या ट्रकमधून मुकादम उतरला. मागून चार कामगार आणि एक भलं मोठं यंत्र. रस्त्यात सोफा, सोफ्यावर म्हातारा-म्हातारी. मुकादमाने डोळे चोळले.

"उचला रे हा!"

कामगार पुढे आले. "आधी पाय पुसा," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काय जादू होती कोण जाणे, चौघांनीही निमूटपणे गवतावर पाय पुसले. मग काकूंनी त्यांना चहा दिला, आणि हातात कप असताना उभं कशाला राहायचं म्हणून दोघांना माझ्यावर बसवलं, दोघांना माझ्या हातांवर. "पाहुणे बसलेले असताना सोफा उचलतात का कुठे?" त्यांनी मुकादमालाच विचारलं.

मुकादमाला ठेकेदाराला फोन लावायचा होता, पण रेंज येईना.

"सोफ्याच्या पाठीवर उभं राहिलं की येते," काका मदतीला धावले. "सकाळीच बघितलं आम्ही."

"बूट काढून," काकू म्हणाल्या.

मुकादम बूट काढून चढला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. "साहेब, रस्त्यात सोफा आहे. सोफा... बसायचा... नाही हो साहेब, प्यायलो नाही."

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण मुकादम खाली उतरला तो लालबुंद होऊन. रागाने त्याने माझ्या हातावर थाप मारली आणि एकदम थबकला. पुन्हा ठोकून बघितलं. आयुष्य लाकडात गेलेला माणूस तो.

"वा रे जंगल वाचवणारे!" तो हसला. "हा सोफा कशाचा आहे माहितीये? इथल्याच झाडाचा आहे."

काकांचा चेहरा पडला. आणि मी! धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं मला. इतकी वर्षं ज्या लाकडाचा तोरा मिरवला, ते कुणाच्या घरचं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

काकूंनी माझ्या हातावरून हळूच हात फिरवला. "मग बरंच झालं की. आजोळी आलाय म्हणायचा. आजोळी आलेल्या पोराला कुणी धक्के मारून हाकलतं का?" मग त्या आजोबांकडे बोट दाखवून मुकादमाला म्हणाल्या, "एका झाडाचा हा सोफा झाला, आणि इतकी वर्षं मी त्यावर कुणाला बसू दिलं नाही. आता या आजोबांचं काय करणार तुम्ही? आणखी न बसायचे सोफे?"

माझ्यावर बसलेल्यांपैकी एक कामगार पुटपुटला, "आमच्याकडेपण आहे एक. बायको कव्हर काढू देत नाही."

"यंत्र पुढे घे!" मुकादम ओरडला, पण त्या ओरडण्यात जीव नव्हता. यंत्रवाल्याने चावी काढून खिशात घातली आणि तोही कप घेऊन आला. "मी काकूंच्या अंगावर घालणार नाही," तो म्हणाला.

दुपार झाली. मुकादमाचा फोन दर थोड्या वेळाने माझ्या पाठीवर चढत होता, मुकादमासकट. शेवटी एकदा तो वर असतानाच फोन वाजला. त्याने ऐकलं, कान खाजवला आणि म्हणाला, "कोर्टाने स्थगिती दिली. परत फिरा म्हणतात."

समितीने असा काही जल्लोष केला की मुकादमाचा तोल गेला आणि तो धप्पकन माझ्या मधोमध आदळला. टर्रकन आवाज झाला. प्लॅस्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं.

सगळे जागच्या जागी गोठले. काका तर चक्क मुकादमाच्या पुढे येऊन उभे राहिले, त्याला वाचवायला. काकूंनी त्या फाटक्या प्लॅस्टिककडे पाहिलं, पदर खोचला, आणि उरलेलं सगळं स्वतःच्या हातांनी ओढून काढलं. "उगाच इतकी वर्षं त्या खुर्चीत बसवलं तुम्हाला," त्या काकांना म्हणाल्या.

खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, लाल फुल्याही झाडांवर तशाच आहेत. मला कडेला सरकवून इथेच ठेवलंय. काकू म्हणाल्या, "राहू दे. कोर्टाने घोळ घातला तर पुन्हा आडवा करता येईल." आता रोज सकाळी ती दोघं येतात आणि माझ्यावर बसून भांडतात. माझ्या रेक्झिनला भेगा पडल्यात, पाठीवर शेवाळ चढलंय, पोटात उंदरीण बाळंत झालीय. दिवाणखान्यात हे चाललं नसतं, पण आजोबांची सावली अंगावर पडली की मला कशाचंच काही वाटत नाही.

तुम्ही निघालात? निघा, पण एवढं लक्षात ठेवा. उद्या सोफा घ्यायला गेलात आणि सुतार ठोकून म्हणाला, "असलं लाकूड आता मिळत नाही," तर त्याला विचारा, का मिळत नाही. आणि घेतलातच, तर निदान त्यावर बसा हो.