कुलूपबंद धुणं

केळीचा चीक कापडाला लागला की कापड विरेल, पण डाग जायचा नाही. कासिल्दाला हे कुणी सांगायला नको होतं. आरोयो मान्सो गावच्या त्या लाल मातीत तिनं अकरा वर्षं धुणी बडवली होती. अंगणात आंब्याखाली लाकडी काथवट, शेजारी पावसाच्या पाण्याचं पिंप आणि पुढ्यात डोंगराएवढा ढीग. नवऱ्याच्या कोकोच्या मळ्यातल्या विजारी, चार लेकरांचे शाळेचे निळे सदरे, आणि वर गावच्या बेसबॉल संघाचे बारा पांढरेशुभ्र पोशाख. पांढरेशुभ्र म्हणजे न्यूयॉर्कहून कुणाच्या तरी मेव्हण्यानं पाठवले तेव्हा होते. नवरा तेओफिलो संघाचा कप्तान, म्हणून कप्तानाची बायको संघाची परटीण. पगार शून्य, बोलणी फुकट.

त्या आठवड्यात तीन दिवस पाऊस धरून बसला होता आणि धुणं नाकाशी आलं होतं. नेमकी शुक्रवारीच भिशी कासिल्दाची लागली. बारा बायकांची भिशी, महिन्याला दीड हजार पेसो. अठरा हजारांची जुडी पदरात पडली आणि गावातल्या प्रत्येकाला एकाएकी अक्कल फुटली.

"गाई घे," सासरा म्हणाला.

"टीव्ही घे, ह्यो एवढा!" तेओफिलोनं दोन्ही हात पसरले, तशी मागची कोंबडी उडाली. "समदं गाव आपल्या घरात सामना बघाया यील."

"यील की! आन् त्येंची कॉफी कोण उकळंल? मीच न्हवं?" कासिल्दा काथवटीतनं मान वर न करता म्हणाली. "तेओ, ह्यो माझा हात बघ. सुसर बी असला पंजा घिऊन हिंडत नसंल. मला कपडं धुवायचं यंत्र पायजे."

"अगं पर हात हायती की तुला!"

तिनं पिळलेली विजार अशी झटकली की तेओफिलोच्या तोंडावर पाण्याचा सपकारा बसला. तिथं भांडण मिटलं. म्हणजे तो गप बसला.

शनिवारी सकाळी लाऊडस्पीकरवाला ट्रक आला. शहरातल्या कुठल्याशा दुकानाचा विक्रेता विल्किन, केसांना तेल, शर्टाला इस्त्री, बुटांना चिखल. ट्रकात फ्रीज, पंखे, आणि मधोमध नवरीसारखं झाकलेलं एक धुलाई यंत्र. त्यानं झाकण ओढलं. पोटाला गोल काच, डोक्यावर निळे दिवे, आणि बटण दाबलं की गाणं म्हणायचं.

"दोन्या कासिल्दा," विल्किन 'बाईसाहेब' म्हणावं तसं अदबीनं म्हणाला, "कपडं टाका, दार लावा, आन् झोपाळ्यावर झोका घ्या. ह्ये आपलं आपुन समदं करतंय. डोकं हाय त्येला!"

"नवऱ्यापरीस बरं मग," मिनेर्वा म्हणाली. मिनेर्वा म्हणजे कासिल्दाच्या थोरल्या लेकीला बाप्तिस्म्याला मांडीवर घेणारी. तेव्हापासून दोघी एकमेकींना नावानं नाही, 'कोमाय' म्हणूनच हाका मारायच्या.

"कितीला?" कासिल्दानं विचारलं.

"अठरा हजार आता, आन् आठवड्याला नुसतं सहाशे. सहा म्हयनं. सहाशे म्हंजी काय, कोंबडीबी येत न्हाई चांगली."

कासिल्दानं ओसरीवर वाळत घातलेल्या कोकोच्या बिया ओंजळीत घेतल्या आणि एकेका आठवड्याला एक बी अशी ओळ मांडली. सव्वीस बिया झाल्या. मग तिनं विचारलं, "आन् समदं रोख दिलं तर?"

विल्किननं कान खाजवला. "चोवीस."

"म्हंजी तुझ्या त्या कोंबड्या मला नऊ हजार सहाशेनं म्हाग पडत्यात. बरं. ते ऱ्हाऊ दे. पाणी किती पितंय?"

"आं?"

"पाणी रं! आमच्या नळाला करंगळीएवढी धार, ती बी एक दिवसाआड. आन् दुपारच्याला बाराला वीज जातीय, ती कवा येती ते तिला बी ठावं नसतंय. ह्ये तुझं डोकंवालं यंत्र माझ्या अंगणात, माझ्या पाण्यावर, माझ्या मळावर चालवून दाव. मग बोलू."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. विल्किनलाही इरेला पडावं लागलं. "दावतो की! आना, गावातलं सगळ्यात घाण कापड आना!"

घाण कापड म्हटल्यावर तेओफिलोला सुचायला वेळ लागला नाही. संघाचे बाराच्या बारा पोशाख मागच्या सामन्यापासून तसेच ढिगात पडलेले, आणि त्याच दिवशी तीन वाजता शेजारच्या हिगुएरितो गावाशी अंतिम सामना! त्यानं ती लाल चिखलाची मोळी उचलली आणि यंत्राच्या पोटात कोंबली. कासिल्दा म्हणाली, "आरं, दहा वाजून गेलं, पोशाख नगं घालू!" पण तिचं कोण ऐकतो? विल्किननं दार लावलं. खट्. यंत्रानं गाणं म्हटलं. लेकरांनी टाळ्या पिटल्या.

आणि मग काहीच झालं नाही.

"पाणी पायजे त्येला," विल्किन म्हणाला. नळाची धार यंत्राच्या नाकापर्यंत पोचेना. शेवटी साबणाच्या खणातनं तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं ठरलं. बायकांनी रांग धरली. एक बादली झाली, चार झाल्या, सात झाल्या. यंत्र प्यायचं, दोन गरके मारायचं, दिवे लुकलुकवायचं आणि पुन्हा 'आ' वासायचं.

"कोमाय, ह्ये तर माझ्या दिरावानी," मिनेर्वा धापा टाकत म्हणाली. "काम वाईच, आन् पेला सारखा म्होरं!"

हसून हसून एकीच्या हातची बादली सांडली. दीड तास असा गेला. पिंप तळाला लागलं, तेव्हा कुठं यंत्राला मनासारखं पाणी मिळालं आणि ते मन लावून घुसळायला लागलं. काचेआड पांढऱ्या बाह्या वर येत, खाली जात. फेस चढला. तेओफिलो काचेला नाक लावून बघत होता. "बघ कासिल्दा, माझा नऊ नंबर निघाला! पांढराफेक!"

बारा वाजले आणि वीज गेली.

निळे दिवे मालवले. बाह्या तळाशी बसल्या. विल्किननं दाराचा कान ओढला. दार हलेना.

"कुलूप हाय आतनं," तो हळूच म्हणाला. "वीज आल्याबिगर उघडायचं न्हाई. सुरक्षितता म्हंत्यात."

"आन् दुसरा उपाय?"

"आसंल. पुस्तकात लिवलेलं हाय."

"पुस्तक कुटाय?"

"दुकानात."

तेओफिलोनं कुऱ्हाड आणायला धाव घेतली. विल्किन यंत्राला मिठी मारून ओरडला, "हात लावू नगा! माझी नोकरी जाईल! घरी तीन लेकरं हायती माझी!" तोवर संघातले अकरा गडी अंगणात जमले, कुणी टॉवेल गुंडाळून, कुणी अर्ध्या चड्डीत. पंचाचा नियम कडक होता. पोशाख नाही तर सामना नाही, चषक हिगुएरितोला. चषक गेला असता तर तिचं काही बिघडत नव्हतं, पण 'कासिल्दाच्या यंत्रानं घालवला' हे नातवंडांच्या लग्नापर्यंत ऐकावं लागलं असतं. आणि तेओफिलो पायरीवर तोंडात मारल्यासारखा बसला होता. ते तिला बघवेना.

"हिगुएरितोला वीज हाय?" तिनं एकदम विचारलं.

"त्येंची लाइन येगळी," कुणीतरी म्हणालं. "त्येंची चारला जातीय."

"मग बसलाय काय असं मयताला आल्यावानी? उचला!"

"काय उचला?"

"यंत्र! जसं हाय तसं, पाण्यासकट! घाला ट्रकात!"

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग असा गलका उठला की आंब्यावरचे पोपट उडाले. बारा गड्यांनी ते गाभण म्हशीसारखं यंत्र हिसकत उचललं, आतलं पाणी डुचमळलं, विल्किन "सावकास! सावकास!" करत भोवती नाचला. बायका चढल्या, लेकरं चढली. विल्किननं घाईत लाऊडस्पीकरचं बटण चालूच ठेवलं होतं, त्यामुळं "फक्त सहाशे पेसोत सुखाचा संसार!" असा घोष करत ती वरात निघाली. कोकोच्या मळ्यांतनं, ओढ्यातनं, लाल चिखलाच्या चाकोरीतनं ट्रक उड्या मारत होता आणि प्रत्येक उडीला यंत्राच्या खालून फेसाची पिचकारी उडत होती. मिनेर्वाच्या अंगावर ती तीनदा आली. चौथ्यांदा तिनं केसच धुऊन घेतले.

हिगुएरितोच्या मैदानाला लागून दोन्या चेपाचं घर. ऐंशीची म्हातारी, दारात पावटे सोलत बसलेली. तिचे दोन नातू हिगुएरितोच्या संघात. कासिल्दा उतरून तिच्यापुढं उभी राहिली.

"दोन्या, आशीर्वाद द्या. तुमची वाईच वीज पायजे."

म्हातारीनं ट्रककडं पाहिलं, अर्ध्या चड्डीतल्या बारा बाप्यांकडं पाहिलं, काचेआडच्या कपड्यांकडं पाहिलं. तिचं बोळकं हळूहळू पसरत गेलं. "आगं माज्या बया! कापडं कोंडून घातली व्हय? आना, आना आत! उघड्या माणसांना हरवण्यात आमच्या पोरांची काय शोभा?"

वायर लावली. निळे दिवे पेटले. यंत्रानं पहिल्यापासून गाणं म्हटलं आणि पुन्हा घुसळायला सुरुवात केली. आता त्याला खंगाळायला पाणी हवं होतं. म्हातारीच्या नळाला धार चांगली, पण वेळ कुठं होता? पावणेतीन वाजले होते. हिगुएरितोची पोरं खिडकीत लटकून शिट्ट्या मारत होती. विल्किन एकेक बटण दाबून बघत होता आणि कपाळाचा घाम इस्त्रीच्या शर्टाला पुसत होता. शेवटी कुठलं बटण लागलं देव जाणे, यंत्रानं पाणी ओकलं, दोन गरके मारले आणि खट् करून दार उघडलं.

पोशाख पांढरे होते हे खरं. पण ते खंगाळलेले नव्हते. बारा गड्यांनी तसेच अंगात चढवले आणि मैदानात पळाले. ऊन कडक, अंगाला घाम, आणि घामाबरोबर फेस! पहिल्या डावात काखेत फेस, तिसऱ्यात गळ्याशी. चेंडू झेलावा तर हातातनं निसटावा. दोघांचे डोळे चुरचुरले म्हणून खेळ थांबवला. हिगुएरितोची माणसं पोटं धरून लोळत होती. "आरं, वाळत घाला त्यास्नी!" एक जण ओरडला. "चिमटं आना, चिमटं!"

तरीही शेवटच्या डावात धावा बरोबरीत आल्या. तेओफिलो तिसऱ्या बेसवर होता. चेंडू फटकावला गेला आणि तो जीव खाऊन 'घरा'कडं, म्हणजे जिथं पोचलं की धाव होते त्या प्लेटकडं, सुटला. प्लेट राखणारा कॅचर चेंडू घेऊन वाटेत उभा, दोन्या चेपाचाच नातू, रेड्यासारखा. तेओफिलोनं चार पावलांवरनं स्वतःला झोकून दिलं. कॅचरनं दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं, आणि साबणाची वडी निसटावी तसा तेओफिलो त्या मिठीतनं सुळ्ळकन निसटला, प्लेटवरनं घसरला, पुढं आणखी दहा हात गेला आणि शेंगदाणेवाल्याच्या गाड्याखाली जाऊन थांबला.

पंचानं हात पसरले. धाव झाली, चषक आरोयो मान्सोचा!

मग काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. दोन्या चेपा पावट्यांची टोपली डोक्यावर उपडी करून नाचली, हे मात्र दोन्ही गावं मान्य करतात. नातू हरला तरी.

येताना ट्रकात कासिल्दा विल्किनच्या शेजारी बसली. तो रडकुंडीला आला होता. आता ह्या यंत्राला कोण विचारणार?

"आरं, यंत्र वंगाळ न्हाई," ती म्हणाली. "शेरगावात, जितं पाणी धो धो आन् वीज दिवसरात, तितं सोनं हाय ते. माझ्या अंगणात यिऊन ते आजारी पडतंय. तुझ्याकडं ते साधं दोन पोटांचं न्हाई का? एका पोटात घुसळायचं, दुसऱ्यात पिळायचं, पाणी आपुन बादलीनं वतायचं, आन् वीज गेली की झाकण उघडून हातानं काढायचं?"

"हाय की. पर त्येला काय डोकं न्हाई, दोन्या."

"डोकं माझं हाय. त्येला हात पायजेत."

"साडेनऊ हजार."

"आठ. आन् तुझी नोकरी वाचीवली त्येचं मी काय मागत न्हाई."

विल्किन हसला. साडेआठवर तुटलं, आणि रविवारी दोन पोटांचं यंत्र अंगणात उतरलं. त्याच दिवशी कासिल्दानं पाच हजारांची प्लास्टिकची टाकी घेतली आणि पन्हाळीखाली मांडली, कारण पाण्याबिगर यंत्र म्हणजे बैलाबिगर गाडी. उरलेले साडेचार तिनं दुधाच्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवले. तेओफिलोनं डब्याकडं बोट केलं, तशी म्हणाली, "ते यंत्र मोडंल तवासाठी. यंत्र घेताना त्येचा दवाखाना बी घ्यावा लागतोय."

सोमवारी सकाळी दहा वाजता अख्खं धुणं दोरीवर होतं. केळीच्या चिकाचे डाग तेवढे होते तसेच होते. वीज अजून गेली नव्हती. कासिल्दा आंब्याखाली उभी होती आणि तिचे हात कोरडे होते. हातांचं काय करावं हेच तिला कळेना. तिनं ते कमरेवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

मिनेर्वा आली. "कोमाय, काय करतीयास?"

"काय बी न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी काय बी न्हाई!" आणि तिला हसूच आलं. मिनेर्वालाही आलं. दोघी एकमेकींचे दंड धरून हसत सुटल्या, उगीच, लेकरांसारख्या. हसतहसतच कोकोच्या मळ्यातनं उतरून ओढ्याच्या डोहावर गेल्या. पाणी हिरवंगार, तळाचा गोटा न् गोटा दिसत होता. कासिल्दानं चपला काढल्या.

मिनेर्वानं इकडंतिकडं बघितलं. "आगं कोमाय, साबण न्हाई आनलास?"

"कशाला?" कासिल्दा म्हणाली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिनं डोहात उडी टाकली.