तीनदा पूर्णविराम

थोरल्या दिरांचा आणि माझा लग्नापासूनच छत्तीसचा आकडा. घरी ते भाऊजी, प्रशिक्षण शाळेत ते सर, आणि दोन्हीकडे सारखेच खडूस. सैन्यातल्या इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या कोर्सला बायका कशाला, असं त्यांचं स्पष्ट मत. त्यातून घरातलीच बाई म्हणजे डोक्याला ताप. मला मात्र पास व्हायचंच होतं. पास झाले तर शहरातल्या तळावर, नवरा आणि लेकीजवळ. नापास झाले तर परत सीमेवरच्या ठाण्यावर, जिथे गेलं की लेक फक्त फोनच्या पडद्यावर वाढते.

पहिल्या सरावात त्यांनी मला गंडवलं. सरावात ‘पूर्णविराम’ हा एक शब्द ठरलेला असतो. रेडिओवर तो कुणी तीनदा उच्चारला की खरा अपघात झालाय असं धरायचं आणि यंत्रं बंद करायची. त्या शब्दाशी कुणी खेळत नाही. सर खेळले. मी शब्द ऐकून जॅमर बंद केला, आणि शत्रू बनलेलं त्यांचं पथक रेडिओच्याच वाटेने आमच्या संगणकांच्या जाळ्यात आरामात शिरलं. मग वर्गात माझी बिनपाण्याने केली.

“शत्रू शपथेवर बोलतो असं वाटलं होतं का तुला?” वर्ग फिदीफिदी हसला. “एक संधी उरलीय. जॅमर चालू म्हणजे चालू. माझा आवाज आला तरी.”

अंगाचा तिळपापड झाला, पण “हो सर” म्हणाले.

दुसऱ्या सरावाला मी सिग्नलच्या गाडीत, यंत्रांच्या उबेत घामाघूम बसले होते. सोबत ड्रायव्हर. त्याला सगळे दाढी म्हणत, कारण त्याला ती येतच नसे. जॅमरचं काम साधं आहे: शत्रूच्या रेडिओवर इतका गोंगाट ओतायचा की त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये. पण त्या गोंगाटात आपणही बहिरे होतो. म्हणून जॅमर मधूनमधून क्षणभर थांबतो आणि त्या फटीतून आपण कानोसा घेतो.

अशाच एका फटीतून आलं, “पूर्णवि...” मग गोंगाट. पुढच्या फटीत, “...विराम, पूर्ण...” आवाज सरांचा.

“आला बघा,” दाढी म्हणाला. “ताई, हात लावू नका. परत गंडवतायत.”

“माहितीये मला.”

पुढच्या फटीत आलं, “धाकटे, ऐक ना.”

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. धाकटी हे माझं सासरचं नाव, आणि तळावर ते त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता घरही वापरायला लागले! इतकी चीड आली की मी जॅमरची ताकद वाढवली. हो, वाढवली.

मग सवयीने, आवाज कुठून येतोय ते दाखवणाऱ्या दिशादर्शकाकडे पाहिलं. त्यांच्या पथकाचा तंबू पूर्वेला. आवाज येत होता ओढ्यापलीकडच्या टेकडीवरून, आणि तोही हातातल्या छोट्या सेटचा, मरतुकडा. टेकडीवर आम्हाला चकवायला एक खोटा अँटेना उभारलेला असणार, एवढं मला कळत होतं. पण मला फसवायला हा माणूस एकटा टेकडी चढेल? तो खुर्चीत बसून फसवतो. आणि खरंच अडकला असेल, तर माझ्या गोंगाटात त्याची हाक त्याच्याच पोरांपर्यंत पोचत नव्हती. ऐकणारी मी एकटी.

“ताई, पास व्हायचंय ना?” दाढी म्हणाला.

“गप्प बस.” मी त्याच्यावरच ओरडले आणि जॅमर बंद केला.

अँटेनाचा लोखंडी खांब कोसळला होता आणि त्याखाली सरांचा पाय होता. त्यांच्या पोरांना हाक ऐकू गेली. पण ती त्यांचीच पोरं. त्यांनी आधी आमचं जाळं फोडलं, जिंकल्याचं जाहीर केलं आणि मग टेकडीकडे धावली.

दोन दिवसांनी सरांनी मला तळावरच्या दवाखान्यात बोलावलं. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला, पोटावर माझी फाईल.

“नापास,” ते म्हणाले.

“तुमचा पाय वाचला, सर.”

“तेच सांगतोय. एका पायासाठी तू अख्ख्या तुकडीचं जाळं उघडं टाकलंस. लढाईत असं केलंस, तर त्या तुकडीतल्या पोरांच्या घरी काय सांगणार होतीस?”

आभार नाही की लाज नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते ठाणं आलं, फोनच्या पडद्यातली लेक आली, आणि तोंडाचा ताबा सुटला.

“बरोबर आहे, भाऊजी. चुकलं माझं. उद्या पुन्हा तिथे अडकलात, घसा फुटेस्तोवर ओरडलात, तरी मी जॅमर बंद करणार नाही. सासूबाईंना काय सांगायचं ते मी सांगेन.”

ते माझ्याकडे बघत राहिले. तोंड उतरलं होतं. मी रागाने बोलतेय की खरं, ते शोधत होते. मी नजर हलवली नाही.

त्यांनी फाईल उघडली, लिहिलेलं खोडलं, वर काहीतरी लिहून सही केली आणि ती माझ्याकडे ढकलली.

“पास,” ते म्हणाले. “आता तू तयार झालीस.”

मी फाईल उचलून बाहेर आले. नवऱ्याला फोन लावला, आणि तो “हॅलो” म्हणताच ठेवून दिला. त्याच्या भावाला मी जे सांगून आले होते, ते खोटं नव्हतं.